क्लबात येऊन वर्ष झालं तरी खेळ तिथेच? मग या चुका टाळा

आमचा गोव्यातला बुद्धिबळाचा क्लब तसा छोटा आहे. लिचेस ह्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर एक टीम, व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप, फोंडा, डिचोली, वाळपई, पेडणे, चार-पाच जण मडगावचे, मिळून साठेक माणसं. लॉकडाऊनमध्ये घरात बसून कंटाळलो म्हणून सुरू केला आणि तेव्हापासून मीच सांभाळतो, म्हणजे स्पर्धा लावणं, भांडणं मिटवणं, आणि रात्री बारा वाजता गुड नाईटचे फोटो टाकणाऱ्यांना समज देणं. २०२५ च्या नोव्हेंबरात इथे हडफड्याला वर्ल्ड कप झाला तेव्हा ग्रुपात एकदम नवीन माणसं आली. चांगलं झालं, तक्रार नाही. पण येणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो की रेटिंग, म्हणजे आपली ताकद दाखवणारा आकडा, पटकन कसं वाढवायचं, आणि मग प्रत्येक जण त्याच त्या चुका त्याच क्रमाने करतो. तेच तेच सांगून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी ती चूक जी मी स्वतः केली आहे, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वर्षातून एकदा-दोनदा करतो. हरल्यावर रिमॅच दाबणं, म्हणजे त्याच माणसाशी लगेच परत डाव.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, दुसऱ्या दिवशी सकाळी आमची कोल्हापूरकडच्या एका क्लबाशी टीम मॅच. जेवण झालं, पावणेअकरा वाजले होते, म्हटलं हात गरम करायला तीन मिनिटांचे एक-दोन डाव खेळू आणि झोपू. पहिल्याच डावात मी हत्तीने वर होतो, आरामात जिंकत होतो, आणि बोट घसरून वजीर शेजारच्या घरात पडला. गेला वजीर. रक्त असं तापलं म्हणता, लगेच रिमॅच. तो हरलो. परत रिमॅच. समोरचा कंटाळून गेला तर नवीन कोणीतरी. बायकोने दोनदा विचारलं लाईट कधी बंद करणार, मी म्हटलं हा शेवटचा, आणि ते वाक्य मी त्या रात्री किती वेळा बोललो ते देवाला ठाऊक. दोन वाजून वीस मिनिटांनी थांबलो तेसुद्धा लाईट गेली म्हणून, वीज खात्याचे उपकारच म्हणायचे. रेटिंग १६४२ होतं ते १५३८ वर आलं होतं. सकाळी मॅचमध्ये दुसऱ्या बोर्डावर बसलो, डोळे चुरचुरत होते, चौदाव्या खेळीला घोडा फुकट देऊन मोकळा झालो आणि आम्ही मॅच एका पॉइंटने हरलो. ग्रुपात कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी बसून ते सगळे डाव परत बघितले. ३७ डाव. दहा जिंकलो, एक बरोबरीत, सव्वीस हरलो. मला वाटलेलं ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांत, मार खातोय की काय, तर तसं काहीच नव्हतं. सव्वीसपैकी बहुतेक डावात विसाव्या खेळीच्या आत एखादी सोंगटी सरळ फुकट दिलेली, एका चालीत जाणारी, आमच्या क्लबातला सातवीतला पोरगा बघेल अशी. समोरच्याने आत्ता जी खेळी केली तिने काय धरलंय, म्हणजे माझी कुठली सोंगटी माऱ्यात आलीय, हे मी बघतच नव्हतो, मी माझाच हल्ला डोक्यात घेऊन पळत होतो.

त्यावर माझा उपाय असा, शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. लागोपाठ दोन डाव हरलो की फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवतो आणि काहीतरी हाताने करायचं काम काढतो. भांडी, नारळ सोलणं, कुत्र्याला फिरवून आणणं, काहीही. आणि खेळताना प्रत्येक चालीआधी मोठ्याने म्हणतो, "आता ह्याने काय धरलं?" बसमध्ये म्हणतो तेव्हा लोक बघतात. बघू देत. एवढ्या एका प्रश्नाने माझे जितके पॉइंट परत आले तितके कुठल्याच कोर्सने आणले नाहीत, आणि कोर्सवर मी पैसे घातलेले आहेत, तेव्हा अनुभवाने सांगतोय.

ह्याला लागूनच, फक्त ब्लिट्झ आणि बुलेट, म्हणजे तीन-पाच मिनिटांचे आणि एका मिनिटाचे डाव, खेळणं. एका मिनिटाच्या डावात विचार करायला वेळच नसतो, मग विचार करायला शिकणार कधी? हडफड्याला पहिल्या चाळीस खेळ्यांना दीड तास होता, पुढे आणखी अर्धा तास, शिवाय पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंद वाढीव, आणि तरी गुकेशसारखा जगज्जेता तिसऱ्या फेरीत हरून बाहेर पडला. आणि आमचे लोक म्हणणार दहा मिनिटांचा डाव बोअर होतो. कमीत कमी पंधरा मिनिटं अधिक दर खेळीला दहा सेकंद, आठवड्याला दोन डाव. तेवढंही जमत नसेल तर मग खेळ वाढत नाही म्हणून रडायचं नाही.

आता दुसरी माझी नावडती चूक. डाव संपला रे संपला की इंजिन, म्हणजे चुका आणि बरोबर चाली दाखवणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, चालू.

वाळपईची एक मुलगी आहे आमच्यात, दहावीला होती तेव्हा. हरलेला डाव तिने ग्रुपात टाकला आणि विचारलं, काका कुठे चुकलं? अर्ध्या मिनिटात तिघांनी स्क्रीनशॉट टाकले. एकोणिसाव्या खेळीला लाल प्रश्नचिन्ह, तिथे हत्ती डी-१ ला (पटावरच्या घराचं नाव) आणायला पाहिजे होता, तीन पॉइंटचा फरक पडला, वगैरे. तिघांपैकी एकालाही का ते सांगता आलं नसतं, पैज लावतो. ती बिचारी थँक्यू म्हणून गप्प बसली.

मी रात्री तिला फोन केला, तिच्या आईशी बोललो, मग तिला म्हटलं, बाय, इंजिन बाजूला ठेव, तुला कुठे काय वाटत होतं ते सांग. तर तिने सांगितलं की बाराव्या खेळीला तिने घोड्याने सी-७ वर शह दिला, राजा आणि हत्ती दोन्ही धरले आणि ए-८ चा हत्ती खाल्ला. खूश झाली. मग तो घोडा कोपऱ्यात अडकला, समोरच्याने बी-६ खेळून उंट बी-७ ला आणायची तयारी केली, आणि ही पुढच्या सहा-सात खेळ्या त्या घोड्याला बाहेर काढायच्या नादात. कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीमागे सुरक्षित नेणं, राहिलं, राजा मधोमध उघडा, उंट अजून घरातच. एकोणिसाव्या खेळीला जे झालं ते व्हायचंच होतं. इंजिनच्या हिशोबाने बाराव्या खेळीला चूक नव्हतीच, हत्ती खाणं बरोबर होतं. पण घोडा गेला तरी हत्तीच्या बदल्यात गेला, आपण पुढेच आहोत, आता त्याचं श्राद्ध घालून राजा सांभाळ, हे इंजिन तिला कधी सांगणार होतं? तिच्या डोक्यात "माझा घोडा वाचला पाहिजे" हेच बसलेलं, ते तिने बोलून दाखवल्याशिवाय कळलंच नसतं.

तेव्हापासून क्लबात नियम केलाय. डाव टाकायचा असेल तर आधी तीन ओळी मराठीत लिहायच्या: कुठे जास्त वेळ घेतला, कुठे भीती वाटली, समोरच्याची कुठली खेळी अजिबात सुचली नव्हती. कोकणीत लिहिल्या तरी चालतात, रोमी लिपीत लिहिल्या तरी मी वाचतो. त्याशिवाय डाव टाकला तर मी उत्तर देत नाही, आणि दुसऱ्या कोणी इंजिनचा स्क्रीनशॉट टाकला तर डिलीट करतो. यावरून दोघे ग्रुप सोडून गेले, जाऊ देत. डाव लिचेसच्या स्टडीत, म्हणजे तिथल्या सामायिक वहीत, टाकून सगळ्यांना लिहायची परवानगी दिली की प्रत्येक खेळीखाली लिहिता येतं, एखादा म्हणतो मी इथे घाबरून प्यादं मारलं असतं, दुसरा म्हणतो मी तर बरोबरी मागितली असती, आणि ह्या गप्पांमध्येच खरं शिकायला मिळतं, नाहीतर क्लब कशाला हवा, मशीन आहेच की. दुसऱ्या दिवशी खुशाल इंजिन लावा. तिथे "चुकांमधून शिका" असं एक बटण आहे, तेसुद्धा आधी तुम्हालाच चाल शोधायला लावतं, ते वापरा.

आता बाकीच्या चुका, भराभर.

नवीन अकाऊंट उघडणं. लिचेस नवीन माणसाला १५०० वरून सुरू करतं, पुढे प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे अजून अंदाज लागलेला नाही. लोकांना वाटतं आपण १५०० आहोत, मग दहा डावात १०५० वर आले की लाज वाटते आणि दुसऱ्या नावाने परत १५००. एका गृहस्थांची अशी चार अकाऊंट मी पकडली. १०५० असाल तर १०५० आहात, तिथून वर चढा. आणि ह्या आकड्यांची फिडे ह्या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या रेटिंगशी तुलना करू नका, २०२४ पासून फिडेचं रेटिंग १४०० च्या खाली जातच नाही, दोन्हीची मापं वेगळी.

चालू डावात ग्रुपवर विचारणं. "इथे काय खेळू?" अरे बाबा, डाव चालू आहे! ती चीटिंग आहे, भले एका खेळीला तीन दिवस असलेला डाव का असेना. तशा डावात ओपनिंगची पुस्तकं उघडायला परवानगी असते, पण इंजिन किंवा दुसऱ्या माणसाची मदत नाही. एक चांगला खेळणारा मुलगा हौसेने असं करायला गेला, अकाऊंट बंद झालं, त्याच्या वडलांनी मला फोन करून झाडलं, जसं काही मीच बंद केलं.

अरिना स्पर्धेत, म्हणजे ठरलेल्या वेळात एकामागून एक डाव खेळायच्या स्पर्धेत, बर्सर्क हे बटण दाबणं. त्याने तुमचं घड्याळ अर्धं होतं आणि जिंकलात तर एक पॉइंट जास्त. त्या एका पॉइंटसाठी पाच मिनिटांचा डाव अडीच मिनिटांत उरकणारे आमच्याकडे सात-आठ जण आहेत, दर शुक्रवारी तेच, आणि दर शुक्रवारी तेच हरतात. म्हणून मी आता क्लबाची मुख्य स्पर्धा स्विस, म्हणजे ठरलेल्या फेऱ्यांची, ठेवली, तिथे ते बटणच नाही.

व्हिडीओ बघून ओपनिंग पाठ करणं. दहा मिनिटांचा व्हिडीओ, वर लिहिलेलं असतं की ह्याने सगळे हरतात. सगळे फ्राईड लिव्हर नावाचा हल्ला शिकून येतात: राजाचा उंट सी-४, घोडा जी-५, समोरच्याने डी-५ केलं, प्याद्याने मारलं, त्याने घोड्याने परत मारलं की आपला घोडा एफ-७ वर. छान आहे, मजा येते. पण समोरच्याने घोड्याने परत न मारता दुसरा घोडा ए-५ ला नेऊन उंटावर घातला की आमचे वीर पाच मिनिटं पटाकडे नुसते बघत बसतात. तीन-चार खेळ्या कशासाठी आहेत हे कळलं तर पंधरा खेळ्या पाठ करायची गरज पडत नाही.

कोडी धडाधड सोडवणं. पहिली चाल सुचली की दाबली, चुकली तर पुढचं. पुढच्या चालींची पूर्ण रेघ डोक्यात दिसल्याशिवाय बोट लावू नका. मी सकाळी चहा आणि पाव खाताना पाच सोडवतो, त्यातही कधीकधी एकातच पाव संपतो.

एंडगेम, म्हणजे पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा खेळ, न शिकणं. राजासमोर राजा आणून प्यादं कसं न्यायचं एवढं तरी. आमच्यातल्या एकाने एच-प्यादं आणि उंट घेऊन साठ खेळ्या खेळल्या, उंट चुकीच्या रंगाचा, म्हणजे प्यादं जिथे वजीर होणार त्या घरावर न पोचणारा, शेवटी बरोबरी. त्याला अजून वाटतं नेट स्लो होतं.

फक्त फोनवर खेळणं. "आपला गोव्याचा लिऑन मेंडोंसा लॉकडाऊनमध्ये ग्रँडमास्टर झाला ना" असं एकाने मला ऐकवलं होतं. झाला, चौदाव्या वर्षी झाला, आम्हाला अभिमानच आहे, पण तो तेव्हा युरोपात अडकून तिथल्या स्पर्धा पटावर बसून खेळत होता, फोनवर नाही. आमची पोरं फोनवर १८०० असतात आणि खऱ्या पटावर बसली की तिरका येणारा उंट दिसत नाही, वर हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते म्हटल्यावर रडकुंडीला येतात. संपलेला डाव घरी पटावर मांडून परत खेळा. पट नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाल तेव्हा एखादा घेऊन या, प्लास्टिकचा चालतो.

आणि लाईट गेली, रेंज गेली, बाणस्तारीला बस वळली आणि नेट गेलं. ही सगळी कारणं मला पाठ आहेत, मी स्वतः वापरलेली आहेत. बसमध्ये क्लबाचा डाव लावू नका, संपलं.

ह्या शुक्रवारपासून नवीन स्विस सुरू करतोय, आठवड्याला एकच फेरी, तीस मिनिटं अधिक वीस सेकंद, रात्री साडेनऊ. ज्यांना ते फार लांब वाटतं त्यांनी नाव देऊ नये, मागच्या वेळी तिसऱ्या फेरीला अर्धे जण गायब होते आणि जोड्या लावता लावता माझं जेवण राहिलं.