कॉमलेक्स लेव्हल १: सेक्रम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

अमेरिकेत डीओ (ऑस्टिओपॅथीची डॉक्टर पदवी) शिकणाऱ्या मुलांना दर वर्षी कुणीतरी सांगतंच, ‘यूएसएमएलईचा अभ्यास कर, ओएमएम शेवटच्या आठवड्यात उरकून टाक.’ यूएसएमएलई ही मुळात एमडींची परवाना परीक्षा. हा सल्ला मनावर घेऊ नका. ऑस्टिओपॅथीची तत्त्वं आणि हातांनी करायचे उपचार (ओएमएम) यांना कॉमलेक्समध्ये, म्हणजे डीओंच्या परवाना परीक्षेत, किमान दहा टक्के वाटा आहे. म्हणजे ३५२ प्रश्नांत पस्तीसेक प्रश्न. त्यातले बरेचसे ठरावीक साच्याचे असतात. साचा समजला की ते सुटतात, नुसता तक्ता पाठ केला तर ऐन वेळी डावं-उजवं उलटं होतं.

पॅथॉलॉजी, फिजिऑलॉजी, फार्मा, मायक्रो: एकच प्रश्नसंच निवडा, घड्याळ लावून सोडवा, चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण पूर्ण वाचा. तीन संच विकत घेऊन एकही पुरा न करणारी मुलं मी पाहत आलो आहे. शेवटच्या महिन्यात मात्र कॉमलेक्सच्या धाटणीचे प्रश्न हवेतच.

आता सेक्रम, म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला होता, म्हणून सविस्तर सांगतो. टॉर्शनचे (सेक्रम तिरक्या अक्षावर फिरण्याचे) चार प्रकार, प्रत्येकाचा सल्कस (सेक्रमच्या वरच्या बाजूची खाच), आयएलए (खालचा बाजूचा कोपरा), स्प्रिंग टेस्ट (कंबरेवर दाबून लवचीकता पाहणं), सीटेड फ्लेक्शन टेस्ट (बसून पुढे वाकण्याची चाचणी) असा मोठा तक्ता मुलं भिंतीवर चिकटवतात. तो काढून टाका. कोऱ्या कागदावर सेक्रमचा त्रिकोण काढा आणि त्यावर फुली मारा. डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणारी रेघ म्हणजे डावा अक्ष, दुसरी उजवा. अक्षाचं नाव वरच्या टोकावरून पडतं, एवढं पक्कं करा.

मग तीनच नियम. एल-५ (कंबरेचा शेवटचा मणका) ज्या बाजूला झुकलेला, त्या बाजूचा अक्ष. एल-५ ज्या बाजूला फिरलेला, त्याच्या विरुद्ध बाजूला सेक्रम फिरलेला. आणि सीटेड फ्लेक्शन टेस्ट अक्षाच्या विरुद्ध बाजूला पॉझिटिव्ह. टॉर्शनच्या प्रश्नाला एवढं पुरतं.

उदाहरण घ्या. प्रश्नात फक्त इतकंच दिलंय की एल-५ फ्लेक्शनमध्ये (पुढे वाकलेला) आहे, उजवीकडे फिरलेला आणि उजवीकडेच झुकलेला. उजवीकडे झुकलाय, म्हणजे अक्ष उजवा. उजवीकडे फिरलाय, म्हणजे सेक्रम डावीकडे. उत्तर आलं: उजव्या अक्षावर डावं टॉर्शन. सेक्रमची दिशा आणि अक्ष वेगळे, म्हणून हे मागचं टॉर्शन. स्प्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह येणार, स्फिंक्स स्थितीत (पालथं झोपून कोपरांवर उठल्यावर) असमानता वाढणार, आणि सीटेड फ्लेक्शन डावीकडे पॉझिटिव्ह. एका ओळीतून सगळं निघालं, पाठांतर शून्य.

यात ताळा करायलाही जागा आहे, आणि तो कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. पुढच्या टॉर्शनमध्ये एल-५ फ्रायेटच्या (मणक्यांच्या हालचालीच्या) पहिल्या नियमाने वागतो: न्यूट्रल (ना पुढे ना मागे वाकलेला), झुकणं आणि फिरणं विरुद्ध बाजूंना. मागच्या टॉर्शनमध्ये दुसऱ्या नियमाने: दोन्ही एकाच बाजूला. वरच्या उदाहरणात दोन्ही उजवीकडे होतं, म्हणून मागचं, उत्तर जुळलं. जुळलं नाही तर फुली पुन्हा काढा.

एक सावधगिरी. स्टँडिंग (उभ्याने केलेली) फ्लेक्शन टेस्ट इनॉमिनेटसाठी (कटीच्या हाडासाठी), सीटेड सेक्रमसाठी. प्रश्न घाईत वाचला की हीच अदलाबदल होते. आणि हे केवळ कागदावर करू नका. मित्राला पालथं झोपवून दोन्ही अंगठे सल्कसवर ठेवा, मग आयएलएवर. बोटांना कळलेलं परीक्षेच्या हॉलमध्ये विसरत नाही.

व्हिसेरोसोमॅटिक पातळ्यांनाही (कुठल्या अवयवाचा त्रास पाठीच्या कुठल्या मणक्यांपाशी उमटतो) असाच आधार आहे: पोटातल्या अवयवांना जाणाऱ्या स्प्लँक्निक नर्व्ह. ग्रेटर टी-५ ते ९ (टी म्हणजे छातीमागचे मणके), म्हणजे जठर, यकृत, पित्ताशय. लेसर टी-१० आणि ११, म्हणजे लहान आतडं आणि उजवं कोलन. त्याखाली टी-१२ ते एल-२, म्हणजे डावं कोलन आणि ओटीपोटातले अवयव. पॅरासिम्पथेटिक बाजूला व्हेगस ट्रान्सव्हर्स कोलनच्या मध्यापर्यंत पोचते, पुढे एस-२ ते ४ (एस म्हणजे सेक्रम). वरच्या बाजूला हृदय टी-१ ते ५ आणि फुप्फुसं टी-२ ते ७ जोडली की झालं.

चॅपमन पॉइंट (अवयवाच्या त्रासाशी जोडलेले त्वचेखालचे दुखरे बिंदू) थोडेच पक्के करा: अपेंडिक्सचा उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी, कोलनचे आयटी बँडवर (मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी), अ‍ॅड्रिनलचा बेंबीच्या दोन इंच वर आणि एक इंच बाजूला, किडनीचा एक इंच वर आणि एक इंच बाजूला. शेवटचे दोन एकमेकांशेजारी ठेवून पाठ करा. गोंधळ तिथेच होतो.

कॉमसे (कॉमलेक्सची सराव परीक्षा) खऱ्या परीक्षेसारखी, एका बैठकीत, फोन बंद ठेवून द्या. ती कच्ची गेली तर तारीख पुढे ढकला. मे २०२२ पासून लेव्हल १ चा निकाल फक्त पास-नापास असतो. त्यामुळे आठवडाभर उशिरा बसल्याने काही बिघडत नाही, नापासाची नोंद मात्र रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) अर्जापर्यंत सोबत येते. एका लेव्हलला चारच प्रयत्न मिळतात, हेही लक्षात असू द्या.

राहिला यूएसएमएलई. पुण्या-ठाण्याचे नातेवाईक विचारतात, ‘डीओ म्हणजे हाडं बसवणारा का?’ त्या प्रश्नाने घाबरून जादा परीक्षा देऊ नका. डीओला पन्नासही राज्यांत औषधं लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना मिळतो आणि त्यासाठी कॉमलेक्स पुरते. फॅमिली मेडिसिन करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वेळ आणि पैसे वाचवा. ऑर्थोपेडिक्स किंवा डर्मॅटॉलॉजी मनात असेल तर यूएसएमएलई द्या, पण हा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या सल्लागाराशी बोलून घ्या. परीक्षेच्या तोंडावर घेतला तर दोन्हींचा अभ्यास अर्धवट राहतो.