जुन्या स्पोर्ट्स कारमधील घरघर आणि ठोका कसा शोधावा

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशा जुन्या गाडीच्या पोटाखालून आवाज येऊ लागला की मिस्त्रींचा पहिला संशय हाऊसिंगवर, म्हणजे मागच्या एक्सलमधील गिअरांच्या डब्यावर, जातो आणि ‘क्राऊन गेला’ हा निकाल गाडी जॅकवर चढण्याआधीच लागतो. प्रत्यक्षात क्राऊन (मोठे दाती चाक) आणि त्याला फिरवणारे छोटे पिनियन ही जोडी या साखळीतील सर्वांत दणकट वस्तू असते. तिच्या आधी झिजणाऱ्या, स्वस्त आणि घरी बदलता येण्यासारख्या निदान चार गोष्टी तरी असतात. म्हणून आवाज कोठून येतो हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि तो केव्हा येतो हे आधी ठरवावे. एवढे नीट झाले तर निम्मे निदान पाना न उचलता होते.

उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेतली आहे, कारण माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तीच उभी असते. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली, १७९८ सीसी इंजिनाची ही छोटी गाडी रचनेने अगदी सरळ आहे : गिअर बॉक्समधून निघून ओढ मागे नेणारा एक प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस (कोनातही फिरू देणारे सांधे), मागे अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. मागच्या चाकांना ओढ असलेल्या कॉन्टेसासारख्या गाड्यांनाही पुढील बहुतेक विवेचन लागू पडेल.

साताऱ्यात राहणाऱ्याला या कामासाठी एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कास रस्त्यावरचा यवतेश्वर घाट. चढताना इंजिन चाकांना ओढते आणि गिअरच्या दातांची एक बाजू दाबाखाली येते. त्याच घाटातून गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना चाके इंजिनाला फिरवतात आणि दातांची दुसरी बाजू दाबाखाली येते. सपाट रस्त्यावर ही स्थिती काही सेकंदच टिकते, घाटात ती मिनिटभर सलग मिळते. सकाळी लवकर जावे, काच खाली ठेवावी, रेडिओ बंद ठेवावा आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हाती वही द्यावी. कासच्या फुलांच्या हंगामात, विशेषतः शनिवारी-रविवारी, हा प्रयोग करू नये. पुढच्या बसचाच आवाज ऐकू येईल. सज्जनगडाकडे जाताना लागणारा बोगदाही उपयोगी आहे : त्याच्या भिंतींवरून परतणारा आवाज एरवी न ऐकू येणारी किणकिण स्पष्ट करतो.

वहीत लिहायचे ते हे. चढावर येणारा आणि उतारावर थांबणारा आवाज, त्याच्या उलट वागणारा आवाज, दोन्हीकडे सारखा राहणारा आवाज आणि केवळ दाब बदलण्याच्या क्षणी, म्हणजे पाय उचलताना किंवा दाबताना, एकदाच बसणारा ठोका. मग सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग धरून तोच वेग आधी चौथ्या आणि नंतर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाहावा. इंजिनाचे फेरे वाढले तरी आवाजाची पट्टी बदलली नाही, तर दोष गिअर बॉक्सच्या मागे, शाफ्ट, हाऊसिंग किंवा चाकांत आहे. फेऱ्यांबरोबर पट्टीही चढली, तर इंजिन, क्लच किंवा गिअर बॉक्सच्या पुढच्या भागाकडे वळावे. रस्ता मोकळा असेल तर काही क्षण न्यूट्रल करून पाहावे, मात्र हे घाटात कधीही करू नये.

थोडे गणित केले तर कानाला मोठी मदत होते. या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर असतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे घेते. पिनियनला ११ आणि क्राऊनला ४३ दात असल्यामुळे शाफ्ट चाकाच्या ३.९ पट वेगाने, सेकंदाला सुमारे ३४ फेरे फिरतो. याचा अर्थ असा, की सीटला जाणवणारी संथ थरथर चाक किंवा टायरची, दाट थरथर शाफ्टची आणि त्याच्याही दुप्पट वेगाची थरथर क्रॉसची असते, कारण क्रॉस एका फेऱ्यात दोनदा धक्का देतो. दातांचा आवाज सेकंदाला सुमारे ३७७ कंपनांचा येतो, तो पेटीवरच्या काळी तीनच्या किंचित वर लागतो. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. मोबाइलवर आवाज नोंदवून घरी सूर जुळवला तर संशयाची बरीच जळमटे निघतात.

आता आधी वगळायच्या गोष्टी. टायर आणि चाकाची बेअरिंग यांचा आवाज हाऊसिंगच्या घरघरीशी इतका मिळताजुळता असतो, की अनेकांनी एक्सल उतरवल्यावर टायरला दोष दिला आहे. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर येताच बदलणारा आवाज टायरचा समजावा. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला जमिनीकडील बाजूने चपटेपणा येतो आणि तो पहिल्या काही किलोमीटरमध्ये चाकाच्या फेऱ्याबरोबर धपधप ऐकवतो. चाकाची बेअरिंग वळणावर उघडी पडते : गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, त्यामुळे डाव्या वळणावर वाढणारी घरघर बहुधा उजव्या बाजूची असते.

गिअर बॉक्सबद्दल थोडक्यात. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवर नाही, अशा वेळी येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर पुढच्या शाफ्टचे किंवा ले-शाफ्टचे (गिअर बॉक्समधील समांतर दुय्यम शाफ्टचे) बेअरिंग झिजले आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग पाहावे, जे या गाडीत गोळ्यांचे नसून कार्बनचे असते. पहिल्या तीन गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात जवळपास शांतता, हे ले-शाफ्टचे ठरलेले लक्षण आहे, कारण चौथ्या गिअरमध्ये ओढ सरळ जाते आणि ले-शाफ्ट नुसता भाराविना फिरतो.

ठोक्याचा शोध मात्र सावकाश घ्यावा लागतो, कारण त्याचे गुन्हेगार एकमेकांच्या आड लपतात. गाडीचा मागचा भाग लोखंडी स्टँडवर घ्यावा आणि हे स्टँड बॉडीखाली न देता एक्सलच्या नळीखाली द्यावेत, नाहीतर एक्सल लोंबतो, क्रॉसचा कोन बदलतो आणि रस्त्यावरचा दोष शेडमध्ये सापडत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपू नये. मग न्यूट्रल करून हँडब्रेक पक्का ओढावा आणि मागचे चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावे. हँडब्रेकने ड्रम आणि हब (ज्यावर चाक चढते तो भाग) जखडलेले असताना तारांच्या आऱ्यांचे, म्हणजे तारेचे चाक तरीही टक् करून हलले, तर खेळ (ढिलेपणा) हब आणि चाक यांच्यामधील खाचांत आहे, हाऊसिंगचा त्याच्याशी संबंध नाही. यानंतर हँडब्रेक तसाच ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. शाफ्ट ज्या चकतीने हाऊसिंगला बोल्ट केलेला असतो त्या मागच्या फ्लँजवर खडूची रेघ मारून फ्लँज किती हलतो ते मोजले, की हाऊसिंगमधील एकूण खेळ कळतो. फ्लँज स्थिर असून शाफ्टच तेवढा हलत असेल तर तो खेळ क्रॉसचा.

क्रॉस तपासताना एका हाताने शाफ्टचा काटा (क्रॉस धरणारे दुहेरी टोक) आणि दुसऱ्या हाताने फ्लँजचा काटा धरून उलट दिशांना पिळावे आणि नजर मधल्या क्रॉसवर ठेवावी. केसाएवढी हालचालही पुरेशी आहे. त्याआधी नुसते पाहिले तरी बरेच कळते : क्रॉसच्या टोकांवरील वाटीच्या कडेला तांबूस, हळदीपेक्षा गडद अशी कोरडी भुकटी दिसली, तर आतील बेअरिंगच्या सुया ग्रीसविना गंजून दळल्या गेल्या आहेत आणि पुढची तपासणी केवळ औपचारिकता आहे. जावळीच्या बाजूला चार महिने पावसात फिरणाऱ्या गाडीत हे नेहमी आढळते.

क्रॉस बदलण्यासाठी शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँज, त्यांचे जोडीदार आणि शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्याच्या दोन्ही भागांवर पंचने खूण करावी. दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असावे लागतात. सरकता सांधा एक खाच चुकवून बसवला, तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते आणि माणूस हकनाक शाफ्ट बॅलन्स करायला धावतो. शाफ्ट बाहेर आल्यावर चारही सर्क्लिप (वाट्या अडवून धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) काढाव्यात, काट्याच्या कानावर तांब्याच्या हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि वाटी आपोआप वर आली की पकडीने ओढून घ्यावी. नवा क्रॉस घेताना जुना क्रॉस घेऊनच बेअरिंगच्या दुकानात जावे आणि वाटीचा व्यास कॅलिपरने जुळवून पाहावा, कारण अर्ध्या मिलीमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. बसवताना सुया ग्रीसने वाटीच्या भिंतीला चिकटवून ठेवाव्यात आणि वाट्या बेंच व्हाइसमध्ये समोरासमोर दाबाव्यात. इथेच नवखा माणूस फसतो. एखादी सुई निसटून वाटीच्या तळाशी आडवी पडली, तर वाटी शेवटपर्यंत जात नाही, सर्क्लिप खाचेत बसत नाही आणि आपण व्हाइस आणखी आवळतो. सर्क्लिपसाठी जोर लावावा लागला की थांबावे, वाटी बाहेर काढावी आणि सुया मोजाव्यात. काम नीट झाले असेल तर क्रॉस चारही दिशांना एकसारखा, किंचित घट्ट, पण कोठेही न अडकता फिरतो; तो कडक वाटला तर काट्याच्या कानावर एक हलका ठोका दिल्याने वाट्या सर्क्लिपला टेकतात आणि तो मोकळा होतो.

माझ्या गाडीत क्रॉस बदलल्यावर ठोका निम्मा झाला, गेला नाही. उरलेला निम्मा तारेच्या चाकांच्या खाचांचा निघाला. चाक काढून हबवरील दातांकडे बोटाने चाचपून पाहिले की उत्तर मिळते : चांगल्या दाताचा माथा सपाट असतो, झिजलेला दात करवतीसारखा टोकदार लागतो. झिजलेल्या हबवर नवे चाक चढवणे म्हणजे नवे चाकही लवकरच झिजवणे, म्हणून दोन्ही एकत्र बदलावे लागतात आणि हा खर्च जिव्हारी लागतो. हब बदलताना डावे-उजवे यांची अदलाबदल मुळीच होऊ देऊ नये. डाव्या हबचे आटे उजवे आणि उजव्या हबचे आटे डावे असतात, ते यासाठी की गाडी चालताना मधला नट सैल होण्याऐवजी आवळत जावा. खाचांना ग्रीसचा पातळ थर द्यावा.

क्रॉस आणि चाकांच्या खाचा या दोन्ही तपासण्या निर्दोष ठरल्या आणि फ्लँज तरीही बराच हलत असेल, तर हाऊसिंगमधील डिफरन्शियलच्या (वळणावर दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या गिअरांमागच्या थ्रस्ट वॉशरकडे वळावे. त्या झिजल्या की ओढ सुरू होताना जड ठोका बसतो, मात्र चालताना गाडी शांत राहते आणि हीच खूण त्यांना क्राऊनपासून वेगळी करते. नळीच्या एक्सलमध्ये, म्हणजे या गाडीच्या नंतरच्या प्रकारच्या एक्सलमध्ये, मागचे झाकण आणि दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) काढून, मधली पिन ठोकून बाहेर घेतली, तर हाऊसिंग गाडीतून न उतरवता वॉशर बदलता येतात. जुन्या वॉशर आणि नव्या वॉशर मायक्रोमीटरने मोजून शेजारी ठेवल्या, की ठोका कोठे दडला होता ते समोर दिसते. इंजिन-गिअर बॉक्सचे रबरी माउंट आणि स्प्रिंगांचे यू-बोल्ट या भानगडीत आधीच तपासून घ्यावेत. त्याला दहा मिनिटे लागतात.

क्राऊन-पिनियनचा खरा आवाज लांबट, सुरेल, शिट्टीसारखा असतो. केवळ चढावर येणारी गुणगुण दातांच्या ओढीकडील बाजूची झीज सांगते. दोन्हीकडे खरखरीत घरघर असेल तर पिनियनची बेअरिंग पाहावी. आवाज मंद असेल आणि वर्षानुवर्षे वाढत नसेल, तर माझे मत त्याला हात न लावण्याचे आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात, त्यांतील खेळ इंचाच्या हजाराव्या भागांत बसवावा लागतो आणि डायल गेज व दातांवर लावायची निळी शाई यांशिवाय अंदाजाने शिम (पातळ चकत्या) घालणाऱ्याकडून गाडी आधीपेक्षा जास्त ओरडत परत येते.

ऑइलबाबत एक तक्रार नोंदवतो. एका गॅरेजने माझ्या गिअर बॉक्समध्ये, मला न सांगता, हाऊसिंगचे घट्ट ऑइल भरले. घरघर महिनाभर लपली, थंड सकाळी दुसरा गिअर पडेनासा झाला आणि ले-शाफ्टचे बेअरिंग तेवढा काळ आणखी झिजले. या गाडीच्या गिअर बॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच लागते. हाऊसिंगला ईपी ९० हायपॉइड ऑइल, आणि नळीच्या एक्सलमध्ये ते जेमतेम ०.८५ लिटर मावते. ऑइल बदलताना खालचा प्लग पांढऱ्या फडक्यावर पुसावा. चंदेरी, बोटांना लोण्यासारखी लागणारी बारीक पूड नेहमीच्या झिजेची असते, पण नखाने उचलता येईल असा कण सापडला तर हाऊसिंग उघडावेच लागेल.

सर्व जोडून झाल्यावर फ्लँजचे बोल्ट नव्या नायलॉक नटांसह आवळावेत, ग्रीस निपलमध्ये वाटीच्या कडेने नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन मारावी आणि पुन्हा त्याच घाटात, त्याच वेगाने, तीच वही घेऊन जावे. तारेच्या चाकांचे मधले नट पहिल्या फेरीनंतर परत एकदा ठोकून पाहावेत, आणि पाचशे किलोमीटरनंतर शाफ्टच्या आठही बोल्टांवर पाना लावून पाहावा.