मिल्की स्टॉर्कमधील छुपा संकर जनुकीय खुणांवरून कसा ओळखावा

भिगवणच्या पाणथळीत आपण ज्या चित्रबलाकाला कौतुकाने न्याहाळतो, तोच सिंगापूर आणि मलेशियातील प्राणिसंग्रहालयांत मोकळा वावरू लागल्यावर मिल्की स्टॉर्क या संकटग्रस्त भाऊबंदाला धोक्याचा ठरला, कारण या दोघांची जोडी जमते आणि त्यांची पिल्लेही पुढे प्रजनन करतात. पहिल्या पिढीतील संकर पंखांवरच्या गुलाबी छटेवरून बहुधा ओळखू येतो; परंतु त्याची संतती पुन्हा शुद्ध मिल्की स्टॉर्कशी जुळत गेली, की डोळ्यांवर विसंबता येत नाही.

पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत डीएनए बाळगणारे केंद्रक असल्यामुळे तपासणीला रक्ताचा एक थेंब पुरतो. तो तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि नळीवर पायातील कड्याचा क्रमांक तिथल्या तिथे लिहावा.

खरी कसोटी तुलनेच्या नमुन्यांची असते. पिंजऱ्यातला 'शुद्ध दिसणारा' पक्षी प्रमाण मानला, तर त्याच्यातील भेसळच शुद्धतेची व्याख्या होऊन बसते. म्हणून सुमात्रासारख्या, चित्रबलाक नसलेल्या प्रदेशातील वन्य पक्ष्यांचे किंवा संग्रहालयांत जपलेल्या जुन्या कातड्यांचे नमुने मिळवावेत, आणि चित्रबलाकाचेही तितक्याच काळजीने घ्यावेत.

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा, डीएनए केवळ आईकडून येतो. त्यामुळे आजोबा चित्रबलाक असला, तरी नातवंडाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. केंद्रकातील डीएनएच्या खुणा, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमध्ये सलग पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (डीएनएमधील एकाच अक्षराचा फरक), तपासणे अपरिहार्य आहे. त्यांतून दोन्ही जातींत हमखास वेगळ्या असणाऱ्या आणि एकमेकींपासून स्वतंत्रपणे वारशात उतरणाऱ्या खुणा निवडाव्यात. पहिल्या पिढीच्या संकरात अशा प्रत्येक खुणेची एक प्रत एका जातीची आणि दुसरी दुसऱ्या जातीची असते. शुद्ध पक्ष्याशी एकदा मीलन झाल्यावर अशा मिश्र खुणा सरासरीने निम्म्या उरतात, दुसऱ्यांदा पाव. या दुसऱ्या टप्प्यातील पक्षी 10 खुणा तपासूनही सुमारे 5.6 टक्के वेळा शुद्ध भासेल. 20 खुणा घेतल्यास ही शक्यता 0.3 टक्क्यांवर येते. मागे आणखी पिढ्या गेल्या असतील, तर शेकडो एसएनपी घेणेच श्रेयस्कर. खुणेची एक प्रत वाचनात सुटली तर संकरही शुद्ध दिसतो, त्यामुळे संशयास्पद नमुना पुन्हा तपासावा.

संकर ठरलेला पक्षी प्रजननातून बाजूला काढावा, मात्र त्याची देखभाल थांबवू नये. शुद्ध पक्षी मोजकेच उरले असतील, तर जोड्या लावण्यापूर्वी त्याच माहितीवरून त्यांचे आपसातील नातेही तपासावे, आणि चित्रबलाकांना त्यांच्यापासून वेगळ्या, बंदिस्त आवारात हलवावे.