रेप्लिका बॉडी किट बसवताना गाडीची उंची कशी जुळवावी

रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या गाडीवर नवी बॉडी चढवून केलेली नामी गाडीची नक्कल, बहुधा चाकांपाशी ओळखू येते. बॉडी हुबेहूब, रंग चोख, पण टायर आणि त्यावरची बॉडीची कमान यांच्यात मूठ जाईल एवढी फट! डोनर गाडीचे (जिच्या सांगाड्यावर किट बसते तिचे) जड पत्रे उतरले, फायबरची हलकी बॉडी चढली, की जुन्या स्प्रिंगा गाडी वर उचलतात. म्हणून उंची ठरवायची ती बॉडी कायमची चिकटवण्याआधी.

सुरुवात चाकांपासून. शेवटी राहणार तेच रिम आणि टायर लावा. २०५/५५ आर १६ या टायरच्या बाजूची उंची २०५ मिमी रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी. तिची दुप्पट अधिक रिमचे १६ इंच म्हणजे ४०६ मिमी, एकूण व्यास सुमारे ६३२. व्यास २० मिमीने वाढला की गाडी १० मिमी वर येते आणि कमानीतली फट तेवढीच कमी होते. स्प्रिंगला हात लावण्याआधी हे करून पाहाच.

मग गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये योग्य हवा भरा. सीट, काचा, ड्रायव्हर, इंधन यांपैकी जे नसेल त्याच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवा. जॅकवरून उतरवून लगेच मोजू नका. गाडी पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबा, मगच मापं घ्या. डावी-उजवी बाजू जुळवताना चॅसिसपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) जमिनीपर्यंत मोजा. फायबरच्या कमानी दोन्हीकडे सारख्या असतीलच असं नाही.

आता खाली वाकून लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, बघा. माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. गाडी फार खाली घेतली की आर्मची चाकाकडची टोकं वर जातात, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. आर्म साधारण आडवे झाले की थांबा. उरलेली फट बॉडीच्या माउंटमधले स्पेसर कमी करून भरा. स्प्रिंगा कापू नका, तापवून बसवू तर मुळीच नका. कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवती स्प्रिंग आणि उंची बदलायची रिंग असलेला संच) असेल तर रिंग थोडी थोडी फिरवा; स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला असेल, तर चाक रिंगपेक्षा जास्त सरकतं.

बॉडी चिकटवण्याआधी गाडी स्टँडवर भक्कम टेकवा, स्प्रिंग काढा, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल रोखणाऱ्या रबरापर्यंत) उचला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी कुठे ताणते, ते लगेच कळतं.

आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसा, नाहीतर बुश पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख.