नेपल्समधला शेवटचा दिवस

इटलीतल्या नेपल्समधून संध्याकाळचं विमान असेल तर शेवटच्या दिवशी एकही संग्रहालय ठेवू नका. जवळचं पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन शहर, तर नाहीच. सकाळी बॅगा हॉटेलात किंवा मध्यवर्ती स्थानकावरच्या सामानघरात टाका आणि हात मोकळे करा.

मग स्पाकानापोली. जुन्या शहराला सरळ चिरत जाणारा हा अरुंद रस्ता सकाळीच चालावा. वर वाळत घातलेले कपडे, खाली स्कूटर आणि भाजीवाल्यांच्या हाका. गिरगावात वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्या, बसून घेतली की बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. सोबत गरम स्फोल्यातेल्ला ही इथली गोड पेस्ट्री घ्यावीशी वाटेल: शिंपल्यासारखे पापुद्रे, आत रिकोटा हे मऊ चीज आणि रवा. पण शाकाहारी असाल तर आधी विचारा, पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. जेवायला मारिनारा पिझ्झा मागवा. नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. चीज नाही, आणि मला तरी त्याची उणीव कधी भासली नाही.

दुपारी बरीच छोटी दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी आधीच उरका आणि समुद्रकाठी जा. कास्तेल देल्लोव्हो किल्ल्याजवळच्या कठड्यावर बसलं की समोर व्हेसुव्हियस ज्वालामुखी. इथे तासभर तरी द्या.

कापोदिकीनो विमानतळ शहराला लागूनच आहे. स्थानकाजवळून अलिबस ही विमानतळाची बस जाते, पण संध्याकाळच्या गर्दीत ती अडकते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. पाण्यातलं मोझारेल्ला चीज हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत अडवू शकतात.