तालमीतल्या जुन्या पैलवानांचे फोटो कसे ओळखावेत आणि कसे जपावेत

बेळगाव, शहापूर, खानापूर किंवा निपाणीकडच्या जुन्या तालमीत शिरले की मारुतीच्या मूर्तीशेजारच्या भिंतीवर, धुरकट काचांमागे ओळीने उभे असलेले पैलवान दिसतात. लंगोट कसलेला, छाती पुढे काढलेली, एखाद्याच्या खांद्यावर गदा, एखाद्याच्या डोक्यावर मैदान मारल्यावर बांधलेला फेटा. रोज तिथे जोर मारणाऱ्या पोरांना त्यांतले दोघेसुद्धा नावाने सांगता येत नाहीत. साठी ओलांडलेला माणूस मात्र त्या भिंतीसमोर उभा राहिला की हलत नाही. असे फोटो भिंतीवर असोत की घरच्या ट्रंकेत, ते हाताळताना घ्यायची काळजी आणि नाव शोधण्याची रीत इथे सांगितली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे काचेला चिकटलेला फोटो कधीही सोलू नये. आमच्या घरी आज्जांच्या वस्तादांचा एक फोटो होता. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून मी चौकट उघडली आणि कोपऱ्याला नख लावून फोटो ओढला, तेव्हा वस्तादांची छाती आणि गदेचा गोळा काचेलाच राहिला आणि हातात पांढरा कागद आला. कृष्णधवल फोटोतले चित्र कागदात नसते, तर कागदावरच्या जिलेटिनच्या थरातल्या चांदीच्या बारीक कणांचे असते. ओल लागली की ते जिलेटिन मऊ होऊन काच धरते. म्हणून अशा फोटोचे काचेसकटच चित्र काढावे. चौकट खिडकीजवळ टेबलावर आडवी ठेवावी, थेट ऊन येऊ देऊ नये, फ्लॅश बंद ठेवावा, मोबाइल काचेला समांतर धरावा आणि आपलेच प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाइलच्या मागे काळे कापड धरायला कुणाला तरी उभे करावे.

सुटा फोटो कडांनी धरावा आणि धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. ओल्या फडक्याचा मोह टाळावा, कारण त्या काळी स्टुडिओत फेट्यावर गुलाबी आणि गदेवर पिवळा रंग अनेकदा हाताने भरत आणि तो पाण्याने निघू शकतो. सेलोटेप आणि फेव्हिकॉल लावूच नये. लॅमिनेशन म्हणजे तर फोटोला दिलेली मूठमाती, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर आणि त्याहून लहान फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन करून टिफ स्वरूपात ठेवावा. पाठीमागची बाजूही स्कॅन करावी, किंबहुना आधी तीच करावी.

याचे कारण असे की आपल्या सीमाभागात फोटोची पाठ पुष्कळ बोलते. तिथल्या स्टुडिओच्या शिक्क्यावर ‘शहापूर, संस्थान सांगली’ असे असेल तर शिक्का १९४८ पूर्वी बनवलेला आहे, कारण आज बेळगावात मिसळून गेलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा, आणि ‘कर्नाटक’ राज्य म्हणून असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा. उलटा तर्क मात्र एवढ्या खात्रीने करता येत नाही. ‘मुंबई राज्य’ लिहिलेला फोटो १९५६ च्या आधीचाच, असे धरून चालू नये. जुना शिक्का झिजेपर्यंत वापरणारे दुकानदार होते, शिवाय राज्याचे नाव हा आपल्याकडे नुसता पत्त्याचा भाग कधीच नव्हता. पत्त्यात ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा पिन कोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा होय. मागे मोडी लिपीत काही खरडलेले असेल तर मोडी वाचणाऱ्याला दाखवावे. कन्नड अक्षरे असतील तर शेजारच्या कन्नड भाषकाकडून वाचून घ्यावीत, कारण आपण ज्याला तालीम म्हणतो तिला ते गरडी म्हणतात आणि त्या नोंदीत नेमके तालमीचेच नाव असू शकते.

चौकटीचा मागचा पुठ्ठा टाकून देण्याआधी नीट पाहावा. फोटो घट्ट बसावा म्हणून मागे कुस्तीच्या मैदानाचे हँडबिल घडी करून घातलेले सापडते. त्यावर तिकिटाचा दर आण्यांत असेल तर ते बहुधा १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे आणि ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या काळातले समजावे. पैशामागचे ‘नये’ १९६४ साली गळाले.

आता चेहऱ्याकडे वळावे, आणि इथे सर्वांत जास्त सावध राहावे. गदा घेतलेला प्रत्येक धिप्पाड गडी लोकांच्या आठवणीत श्रीपती खंचनाळे होऊन बसतो, आणि त्यात नवल नाही. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा हा मल्ल १९५९ मध्ये पहिला हिंदकेसरी झाला. पण शिक्का किंवा हँडबिल १९५९ च्या बरेच आधीचे ठरत असेल, तर ‘हिंदकेसरी झाल्यावर काढलेला फोटो’ ही घरातली कथा बाजूला ठेवावी. खाशाबा जाधवांचेही तसेच. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक जिंकलेले खाशाबा बँटमवेटचे, म्हणजे हलक्या वजनाचे मल्ल होते. शंभर किलोचा देह दाखवून कुणी त्यांचे नाव घेतले तर हसून पुढे जावे.

चेहरा वयाबरोबर बदलतो, पण पैलवानाचा मोडलेला कान फारसा फसवत नाही. मातीत घासून आणि कैचीच्या डावात सापडून चुरगळलेला कान घट्ट होऊन बसतो आणि प्रत्येकाचा वेगळा दिसतो, म्हणून ओळखीच्या फोटोतला तोच कान भिंगाखाली ताडून पाहावा. मोडलेला कान पुन्हा सरळ होत नाही, तेव्हा एकाच मल्लाच्या दोन फोटोंत कान धड असलेला फोटो आधीचा. मात्र त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे बघावे. फलकावरची अक्षरे उलटी नसावीत, आणि सदरा घातलेला कुणी शेजारी असेल तर त्याची बटणे त्याच्या उजव्या बाजूला असावीत.

जुन्या माणसांकडे जाताना आपला अंदाज आधी सांगू नये. आपण नाव घेतले की ते प्रेमाने होकार देतात. फोटो हातात द्यावा, गप्प बसावे आणि मोबाइलवर आवाज नोंदवू देण्याची परवानगी घ्यावी. मी एका काकांना पंधरा मिनिटे काही विचारले नाही. ते बोटाने फोटोतली लाल माती चाचपत राहिले, त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू कसे घालायचे ते सांगत राहिले, आणि मग एकदम म्हणाले, “कान बघ की त्याचा, ह्यो न्हवं तो, ह्यो त्याचा धाकटा भाऊ.” तोच फोटो दुसऱ्या माणसाला वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरी दाखवावा. दोघांचे जुळले तर नाव लिहावे. जुळले नाही तर दोन्ही नावे, सांगणाऱ्यासकट आणि तारखेसकट लिहून ठेवावीत. लिहायचे ते पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, फोटो कडक सपाट पाटीवर उपडा ठेवून आणि हात हलका ठेवून. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

मूळ फोटो पुन्हा भिंतीवर लावू नयेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा बुरशीला आणि कसरीला मानवते, म्हणून ते आम्लविरहित कागदात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवावेत. चिकट पानांचे अल्बम टाळावेत.

तालमीच्या भिंतीवर छापील प्रती लावाव्यात आणि खाली नाव मराठीत व कन्नडमध्ये दोन्हींत लिहावे, कारण त्या मातीत दोन्ही भाषांची पोरे घडली. ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्या खाली कोरी पट्टी चिकटवावी आणि शेजारी दोऱ्याने एक पेन्सिल टांगून ठेवावी.