संगीत विकत घेताना या चुका टाळा : डाउनलोड असो वा तबकडी

“तो अल्बम मी पैसे देऊन घेतला होता, पण आता तो यादीत दिसतच नाही,” ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे, की समोरच्याचे बोलणे पूर्ण होण्याआधीच मी विचारतो, फाइल उतरवून घेतली होती का? उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी असते. पैसे भरले, पावती आली, ॲपमध्ये गाणे वाजले, म्हणजे खरेदी झाली असे माणूस धरून चालतो. माझ्या लेखी खरेदी तेव्हा पूर्ण होते, जेव्हा ते संगीत कोणाच्याही परवानगीवाचून, इंटरनेट बंद असतानाही, आपल्या यंत्रावर वाजते. डाउनलोड घ्यावे, सीडी घ्यावी की रेकॉर्ड, हा वाद मला दुय्यम वाटतो. तिन्हींत लोक ज्या चुका करतात त्या बहुतेक घाईतून येतात, आणि त्यांतल्या काही नंतर दुरुस्तच करता येत नाहीत.

‘विकत घ्या’ हे बटण न वाचता दाबणे

या एकाच बटणामागे दोन अगदी वेगळे व्यवहार असू शकतात. एकात कुलूप नसलेली फाइल मिळते, जी कोणत्याही यंत्रावर वाजते आणि जिची प्रत करून ठेवता येते. दुसऱ्यात केवळ ऐकण्याचा परवाना मिळतो, आणि देणाऱ्याचा सर्व्हर चालू असेपर्यंतच त्या परवान्याला अर्थ असतो. ॲपलने २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर सुरू केले तेव्हा तिथली गाणी सेकंदाला १२८ किलोबिटच्या एएसी या दाबून लहान केलेल्या स्वरूपात, डीआरएमच्या (प्रत करण्यावर बंधन घालणाऱ्या तंत्राच्या) कुलुपासह येत. २००९ मध्ये ते कुलूप निघाले आणि दर्जा २५६ किलोबिटवर गेला. सगळ्याच दुकानांच्या ग्राहकांना हे सुख मिळाले नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना कळवले, की कुलुपाच्या किल्ल्या देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद होतील. त्यानंतर नव्या संगणकावर ती विकत घेतलेली गाणी उघडणार नव्हती. ग्राहकांनी ओरड केल्यावर मुदत २०११ पर्यंत वाढली, पण मुदत वाढणे म्हणजे मालकी मिळणे नव्हे. कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या कायद्यानुसार विक्रेता केवळ परवाना देत असेल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. कायमची उतरवून घेता येणारी वस्तू मात्र या बंधनातून वगळली आहे. ज्या फरकाकडे ग्राहक दुर्लक्ष करतात, तोच फरक कायद्याने अधोरेखित केला आहे.

माझ्या एका स्नेह्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहानशा ऑनलाइन दुकानातून सुमारे चाळीस अल्बम घेतले होते. फाइल्सना कुलूप नव्हते, दर्जा उत्तम होता, काळजीचे काहीच कारण नव्हते. त्यांनी त्यांपैकी सहा-सात अल्बम उतरवले आणि बाकीचे “खात्यात आहेतच” म्हणून तसेच राहू दिले. दुकान बंद होत असल्याची सूचना ज्या ईमेल पत्त्यावर आली, तो पत्ता त्यांनी नोकरी बदलताना सोडला होता. त्यांना हे कळले तेव्हा संकेतस्थळ उघडतही नव्हते. पावत्या सगळ्या जपलेल्या होत्या, पण पावती वाजवता येत नाही.

म्हणून माझी सवय अशी आहे, की पैसे भरले त्याच दिवशी, त्याच बैठकीत फाइल उतरवायची, प्रत्येक ट्रॅकचा शेवट ऐकायचा (अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित वाजते, तुटते ती शेवटी), पावती त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय उठायचे नाही. याला पंधरा मिनिटे लागतात. ज्यांना ही पंधरा मिनिटे जास्त वाटतात, त्यांनी स्ट्रीमिंगचे मासिक शुल्क भरावे. तो निदान भाड्याचा व्यवहार आहे आणि तसा तो सांगितलेलाही असतो.

सीडी घाईने रिप करून मूळ तबकडी देऊन टाकणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची किंमत मी अनेक वर्षे मोजली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

कपाटात जागा उरली नव्हती आणि सुमारे दोनशे सीडी होत्या. आठवडाभराच्या सुट्टीत मी त्या एकामागून एक संगणकात घातल्या, १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये रिप केल्या (म्हणजे त्यांवरचा आवाज फाइल म्हणून संगणकावर उतरवून घेतला) आणि तबकड्या ओळखीच्या लोकांना वाटून टाकल्या. त्या वेळी हार्ड डिस्क लहान होत्या आणि संगणकाच्या साध्या स्पीकरवर मला काहीही फरक ऐकू येत नव्हता. काही वर्षांनी चांगले हेडफोन घेतले आणि पहिल्याच संध्याकाळी एका मैफिलीचे ध्वनिमुद्रण लावले. त्यातला एकच राग तीन ट्रॅकमध्ये विभागलेला होता. पहिला ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना तानपुरा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. जो नाद अखंड असायला हवा, त्यालाच मध्ये भोक पडले होते. एमपी३ फाइल ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) ठरावीक चौकटींत बांधलेली असते. ट्रॅकची लांबी त्या मापात बरोबर बसत नाही तेव्हा उरलेली जागा शांततेने भरली जाते, शिवाय सुरुवातीलाही थोडी शांतता जोडली जाते. जोडलेला भाग किती, याची नोंद फाइलमध्ये असेल आणि प्लेअर ती वाचत असेल तर खंड जाणवत नाही. माझ्या फाइल्समध्ये ती नोंदच नव्हती.

दुसऱ्या एका अल्बममध्ये चौथ्या ट्रॅकवर अचानक ‘टक्’ असा आवाज येत होता. मूळ तबकडीवर तो नव्हता, हे मला पक्के आठवत होते. ओरखडा असलेली जागा ड्राइव्हला वाचता आली नव्हती आणि प्रोग्रामने काहीही न सांगता ती कशीबशी भरून पुढे मजल मारली होती. झांजांचा आवाज तर जवळजवळ सगळीकडेच पाण्याखालून आल्यासारखा येत होता. आणि हे सगळे पुन्हा नीट करण्यासाठी लागणाऱ्या तबकड्या मी स्वतःच्या हाताने वाटून बसलो होतो. पुढे जुन्या सीडींच्या विक्रेत्यांकडून शोधत शोधत निम्म्याहून थोड्या जास्त परत मिळवल्या. ती मैफल मिळाली, चौथ्या ट्रॅकचा तो अल्बम अजूनही मिळालेला नाही.

सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत असतात. म्हणजे साधारण १४११ किलोबिट. १२८ किलोबिटमध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. २००१ पासून उपलब्ध असलेले फ्लॅक हे स्वरूप फाइल साधारण निम्म्यावर आणते आणि तरी एकही बिट गमावत नाही. रिप करताना मी फ्लॅकच वापरतो आणि असा प्रोग्राम वापरतो, जो शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो व शेवटी ॲक्युरेटरिपसारख्या सामायिक नोंदींशी निकाल ताडून पाहतो. इतरांच्या तबकडीवरून तेच आकडे आले असतील, तर आपली प्रत बरोबर आहे. निकाल जुळला नाही तर तबकडी वेगळ्या छपाईची असण्याचीही शक्यता असते, म्हणून लगेच घाबरू नये; स्वच्छ करून पुन्हा वाचावी. मी दिवसाला दोन सीडी करतो, त्याहून जास्त नाही. एका सुट्टीत सगळे कपाट संपवू पाहणारे लोक ट्रॅकची नावेही तपासत नाहीत. बहुतेक सीडींवर नावे नसतातच. ट्रॅकच्या लांबीवरून म्युझिकब्रेन्झसारख्या साठ्यातून ती शोधली जातात, आणि ती लोकांनी भरलेली असल्याने चुकतात. नावे पुस्तिकेवरूनच लावावीत.

मूळ तबकडी ठेवावी. प्रत स्वतःकडे ठेवून मूळ विकून टाकणे मला पटतही नाही, आणि अनेक देशांत ते कायद्यालाही धरून नाही. ज्यांना पुढेमागे संग्रह विकायचा आहे, त्यांनी तर हे आधीच ध्यानात घ्यावे, की तबकडी विकता येते, फाइल बहुधा नाही. रीडिजी या सेवेने वापरलेल्या डिजिटल गाण्यांची फेरविक्री करून पाहिली, तेव्हा अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या विरोधात निकाल दिला, कारण फाइल दुसऱ्याकडे पाठवताना तिची नवी प्रतच तयार होते.

फुगवलेल्या फाइल्स आणि मोठे आकडे

एमपी३ फ्लॅकमध्ये बदलला की दर्जा सुधारतो, हा समज मरता मरत नाही. फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही. एखादे डाउनलोड खरोखर लॉसलेस (फ्लॅकसारखे, काहीही न गमावलेले) आहे का याची शंका आली, तर स्पेक्ट्रम (आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचे चित्र) दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ते उघडावे. १२८ किलोबिटच्या एमपी३ वरून फुगवलेल्या फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखा रिकामा भाग दिसतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच वरचे स्वर कमी असतात, पण तिथे उतार असतो, कडा नसते. अशी कडा दिसली तर विक्रेत्याकडे चित्रासह तक्रार करावी आणि फाइल बदलून मागावी.

चांगल्या २५६ किलोबिट एएसीतला आणि लॉसलेसमधला फरक बहुतेकांना, डोळे बांधून ऐकवले तर, ओळखता येत नाही. मी लॉसलेस घ्या म्हणतो ते कानासाठी नव्हे, साठवणीसाठी. त्यातून उद्याचे कोणतेही स्वरूप बनवता येते. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झसाठी जास्तीचे पैसे देण्याआधी मात्र थांबावे. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपतो आणि माणसाचा कान तरुणपणीही २० च्या आसपास थांबतो. आवाजात खरा फरक पडतो तो कोणत्या मास्टरवरून (ध्वनिमुद्रणाच्या अंतिम मूळ प्रतीवरून) आवृत्ती काढली आहे याने. पुन्हा काढलेल्या कित्येक आवृत्त्यांत हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर चेपून सगळेच मोठे केलेले असते. आवृत्तीचे वर्ष न वाचता, केवळ आकडा मोठा म्हणून घेणारा ग्राहक चेपलेला आवाज मोठ्या पेटीत घरी नेतो.

रेकॉर्ड आणि सीडी घेणाऱ्यांच्या चुका

रेकॉर्ड घेतली म्हणजे ‘शुद्ध ॲनालॉग’ आवाज मिळाला, असे समजू नये. आजच्या नव्या रेकॉर्डपैकी पुष्कळशा डिजिटल मास्टरवरूनच कापलेल्या असतात. रेकॉर्ड तिच्या मोठ्या कव्हरसाठी, ती हाताळण्याच्या आनंदासाठी आणि एक बाजू सलग ऐकण्याच्या शिस्तीसाठी घ्यावी, ही कारणे पुरेशी आहेत. घेताना एका बाजूची लांबी पाहावी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंची तबकडीवर (एलपीवर) बाजूला वीस-बावीस मिनिटे आरामात बसतात. त्याहून बरेच जास्त कोंबले असेल तर खाचा जवळ येतात आणि आवाज दबतो. पण सर्वांत वाईट चूक म्हणजे महागड्या रेकॉर्ड स्वस्त, पेटीवजा प्लेअरवर लावणे. चांगल्या काडतुसाला (सुई बसवलेल्या भागाला) सुईचा दाब दीड ते अडीच ग्रॅमच लागतो, आणि अशा प्लेअरमध्ये तो अनेकदा दुपटीहून जास्त असतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नये. त्यांच्या खाचा रुंद असतात. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, एकावर एक आडव्या कधीही नाही, आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. कव्हरमध्ये डाउनलोडचा कोड असेल तर त्याच दिवशी वापरावा, कारण अशा कोडना मुदत असू शकते.

सीडी पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसले आणि ओरखडा पडला, तर तो माहितीच्या रेषेला समांतर जातो आणि चूक सुधारण्याची यंत्रणा तिथे हरते. छापलेली बाजू जास्त जपावी. तिथे धातूच्या थरावर केवळ पातळ लाखेचे आवरण असते. स्वतः लिहिलेली सीडी-आर ही कारखान्यात छापलेल्या सीडीची बदली नव्हे. आणि तबकडी म्हणजे कुलूप नाहीच, असेही धरू नये. सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्यावर गुपचूप लपलेला प्रोग्राम बसवत, हे २००५ मध्ये उघड झाले आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या.

घेतलेली फाइल वाजत नसेल तर

आधी तिचा आकार विक्रेत्याने दिलेल्या आकाराशी ताडून पाहावा. कमी असेल तर ती अर्धवट उतरली आहे, पुन्हा उतरवावी. आकार बरोबर असून वाजत नसेल तर दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून पाहावी, कारण प्रत्येक प्लेअरला प्रत्येक स्वरूप समजतेच असे नाही. फ्लॅक असेल तर काम आणखी सोपे आहे. त्या स्वरूपात मूळ आवाजाची एमडी५ खूण (त्या माहितीवरून काढलेला, ताडून पाहण्याचा आकडा) फाइलमध्येच ठेवण्याची सोय असते आणि फ्लॅकच्या चाचणीच्या आज्ञेने ती ताडून पाहता येते. संग्रहात एकाच अल्बमचे दहा तुकडे झालेले दिसले, तर ‘अल्बम कलाकार’ हा रकाना सर्व ट्रॅकवर एकसारखा भरावा. वर्षातून दोनदा मी राखीव डिस्क जोडतो, तिच्यावरचे दहा-बारा अल्बम कुठलेही निवडून शेवटपर्यंत वाजवतो आणि ती डिस्क पुन्हा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो, संगणकाच्या शेजारी नाही.